किंग बासष्टचा आवाज

हेडफोन टोपीवर नीट बसेना, म्हणून कुंडलिकराव एकतपुऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. न्हावी आणि मयत सोडलं तर त्यांनी आजवर कुणापुढं टोपी उतरवली नव्हती. रविवारची दुपार होती, चारचा सुमार. समोर मुलाचा जुना कॉम्प्युटर, त्याच्या काळ्या पडद्यावर पाच नावं, आणि पाचवं नाव त्यांचं स्वतःचं. किंग बासष्ट.

"पोराशी बोलायचंय तर सरळ फोन करा की," दारातून बजाबाई म्हणाल्या. "हे कानाला वाटगं कशाला?"

"फोन उचलायला साहेब मोकळं पायजेत न्हवं?"

साहेब म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, ऋतुराज. पुण्याला एका कंपनीत होता. अकलूजहून फोन गेला, की तो दोन रिंगनंतर कापला जाई आणि इंग्रजीतला एक तयार निरोप येई, की मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. हा 'नंतर' कॅलेंडरात कोणत्या वारी येतो, ते कुंडलिकरावांना अजून सापडलं नव्हतं. दिवाळीला तो तीन दिवस आला होता. त्यातले अडीच दिवस तो हेडफोन घालून याच खोलीत बसला आणि "मागून आला, मागून आला!" असं ओरडत, खिदळत कुणाकुणाशी बोलत राहिला. "कोण हायत रं?" असं विचारलं तर "टीम आहे, आण्णा," एवढंच म्हणाला. आईबापाशी त्याचं तीन दिवसांत जे बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्याला जागा उरली असती. जाताना जुना कॉम्प्युटर आणि जुना हेडफोन तो इथंच ठेवून गेला. पुण्याला नवीन घेतलं होतं. जुन्या गोष्टी ठेवायला त्याला अकलूजचं घर बरं पडे.

आता कुंडलिकरावांना घाई होती. बजाबाईंचे भाऊ उदयसिंह यांनी माळशिरसचं एक स्थळ आणलं होतं. मुलगी औषधनिर्माण शिकलेली, नाव संस्कृती, घरचं पंधरा एकर बागायत. मुलीकडचे बघण्याच्या कार्यक्रमाची तारीख मागत होते. महिनाभर कुंडलिकराव पुण्याला फोन लावत होते आणि महिनाभर पुणं मीटिंगमध्ये होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, की जिथं हा पोरगा तोंड उघडतो तिथंच जाऊन त्याला गाठायचं.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरची सुकन्या एका सकाळी येऊन सगळं करून गेली होती. ऋतुराजचं जुनं खातं कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं. त्यातून तिनं ती टीम कॉम्प्युटरवर जिथं जमून बोलते त्या खोलीचं आमंत्रण काढलं, कुंडलिकरावांचं वेगळं खातं उघडलं आणि नाव विचारलं.

"कुंडलिक."

"कुंडलिक घेतलंय कुणीतरी, काका."

"मग एकतपुरे टाक."

"त्ये बी गेलंय. वय किती तुमचं?"

"बासष्ट."

"मग किंग बासष्ट टाकते. तितं सगळी अशीच नावं ठेवत्यात." आणि तिनं टाकलंही. उजव्या हाताच्या एका बोटानं 'हो' आणि 'नाही' इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं तेवढं शिकवून ती गेली.

तर त्या रविवारी चार वाजता कुंडलिकराव खोलीत शिरले आणि थक्क झाले. कानात ऋतुराज बोलत होता. खणखणीत, जणू शेजारी बसलाय. आणखी तिघं होते. पुण्यातच राहणारा अभिमन्यू, अक्कलकोटचा राजशेखर, जो दर दोन वाक्यांनंतर कानडीत एक शिवी घाली, आणि एक मुलगी. सगळ्यांना हुकूम सोडायचं काम तिचं होतं. "ए, डावीकडनं जा बे! काय करायलास तिथं? राजा, खिडकीपासनं हल!" अस्सल सोलापुरी तोंड. नावाच्या जागी नुसतं 'माही' लिहिलं होतं.

कुंडलिकरावांनी घसा साफ केला. श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं त्यांनी स्पीकरवरून ट्रॅक्टरांचे नंबर पुकारले होते. तो आवाज त्यांनी पुन्हा एकवार काढला.

"ऋतुराज! आरं ऋतुराज! मी आण्णा बोलतोय!"

खोलीत कुणाला काही ऐकू गेलं नाही. "उजवीकडं दोघं आहेत," ऋतुराज शांतपणे म्हणाला.

"ऋतुराज! आरं बोल की रं! ऋतुराजऽ!"

पुण्याला पोचला नाही तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मात्र व्यवस्थित पोचला. शेजारचे ज्ञानबा तोंड न धुता धावत आले. डोळे मिटून, टोपी मांडीवर घेऊन, पोराच्या नावानं हाका मारणारा माणूस पाहिल्यावर त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला आणि बजाबाईंना न विचारताच परत फिरले. संध्याकाळपर्यंत चार बायका बजाबाईंना धीर द्यायला येऊन बसल्या. त्यातली एक तर डोळ्याला पदर लावूनच आली. पोरगा धडधाकट आहे, असं बजाबाईंनी सांगितल्यावर त्या जरा नाराज होऊनच गेल्या.

इकडं खोलीत त्या मुलीचं लक्ष किंग बासष्टकडं गेलं होतं.

"हा किंग कोण? अभ्या, तुझा दोस्त आहे काय?"

"माझा नाही. राजाचा असेल."

"माझा कुठला? ऋतूचा असेल."

"असेल कुणीतरी," ऋतुराज म्हणाला.

बापाला जन्मल्यापासून ओळखणाऱ्या मुलानं बापाची ओळख एवढ्यातच आटोपली. ती मुलगी मात्र थांबली. "किंगभाऊ, तुमचा आवाज येईना झालाय. माइक लावलाय का? हो-नाही लिहा खाली."

कुंडलिकरावांनी बोट फिरवत फिरवत एच शोधला, मग ओ शोधला. गाड्यांचे नंबर लिहून इंग्रजी अक्षरं त्यांना चांगली येत होती, पण इथं ती कुणीतरी मुद्दाम विस्कटून ठेवली होती. 'हो' पोचायला पाऊण मिनिट लागलं.

"बरं. मग व्ही दाबून धरा आणि बोला. बोलून झालं की सोडा."

त्यांनी व्ही दाबला. पण हात बांधलेला असताना बोलायची त्यांना सवय नव्हती. "आरं ऋतुराज" म्हणताना हात आपोआप वर जाई आणि व्ही सुटे. शेवटी बजाबाईंना बोलावलं. बजाबाईंनी व्ही दाबून धरायचा आणि कुंडलिकरावांनी हातवारे करत बोलायचं, असं दहा मिनिटं चाललं. तरीही पलीकडं काही पोचेना.

"लिहून कळवा की, आण्णा हाय म्हणून," बजाबाई म्हणाल्या.

"बाप हाय मी. पोराला चिठ्ठ्या पाठवू व्हय?"

दुसऱ्या रविवारी तीच तऱ्हा. ती मुलगी मात्र त्यांना विसरली नव्हती. "आले का किंगभाऊ? चला, आज तुमचा आवाज काढूच." मग तिनं एकेक पायरी सांगितली. सेटिंगमध्ये जा. आवाज असं लिहिलंय तिथं जा. कोणता माइक निवडलाय ते बघा. परवानगी मागितली तर द्या. व्हीचं काढून टाका आणि आवाज आला की आपोआप चालू होईल असं करा. कुंडलिकराव एकेक करत गेले. कारखान्यात साहेबानंही त्यांना इतक्या शांतपणे कधी काही समजावलं नव्हतं. मध्येच राजशेखर वैतागला. "माही, खेळ बे आता. तो माणूस मुका असेल."

"मुका असला तर लिहील की. तू गप बस."

एक गोष्ट मात्र कुंडलिकरावांना खुपत होती. ती मुलगी बोलली, की तिचा आवाज दोनदा येई. एकदा स्पष्ट, आणि लगेच मागून बारीक, विहिरीत बोलल्यासारखा. अभिमन्यूही कुरकुरला. "तुमचा डबल आवाज येतोय यार. कुणीतरी आतल्या खोलीत जा." हेडफोनच बिघडला असणार, असं धरून कुंडलिकरावांनी तो मांडीवर दोनदा आपटला.

ऐकायला बजाबाईही येऊन बसल्या होत्या. हेडफोन एकच, म्हणून एक कान त्यांचा आणि एक कान यांचा. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं गालाला गाल लावून प्रथमच बसली, तीही परक्यांचं बोलणं चोरून ऐकायला. एवढ्यात ती मुलगी म्हणाली, "ऋतू, घरी फोन केलास का?"

दोघांनीही हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"करून काय उपयोग?" ऋतुराज म्हणाला. "आण्णा बोलणार, मी ऐकणार. जन्मभर स्पीकरवर बोललेला माणूस आहे. समोरच्याला पण तोंड असतं, हे त्यांना माहीतच नाही."

"म्हणून फोनच करायचा नाही? आईंना तरी कर."

"करू नंतर."

कुंडलिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती 'गप बसा, काहीतरीच बोलतंय पोरगं' असं म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

"खोटं काय बोलला?" बजाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पोरगी मात्र गुणाची हाय. आईची आठवण करून देती. कुणाची कोण बिचारी."

"दिवसभर बंदुका चालवती ती."

"चालवू द्या की. असली सून मिळाली तर मी पायलीभर पेढं वाटंन."

"माळशिरसची बघ आदी."

आता खरं तर कुंडलिकरावांना ती खोली सोडून देता आली असती. पण ते सोडेनात. ऋतुराजला हल्ली अंडं सोसत नाही, त्यानं चष्मा लावलाय, जुनी नोकरी सोडून नवी धरलीय, हे सगळं त्यांना या चोरट्या ऐकण्यातून कळत होतं. त्याच्याशी गेल्या पाच वर्षांत बोलून कळलं नव्हतं ते, आपला आवाज बंद पडल्यावर कळायला लागलं होतं. हा हिशोब त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी तो करायचं टाळलं.

त्यातच उदयसिंहांनी येऊन तारीख सांगितली. "दाजी, येत्या रविवारी सा वाजता माळशिरसला. आता माघार न्हाय. ऋतुराजशी बोलणं झालंय न्हवं?"

"झालंय की," कुंडलिकराव म्हणाले. रविवारी दोन-दोन तास त्याचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला हे अगदीच खोटंही वाटलं नाही. "तो पुण्यासनं परस्पर तितं येतोय."

बजाबाईंनी कपाळावर हात मारला, पण भावासमोर काही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी साडेचारला उदयसिंह जीप घेऊन दारात हजर. पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात नारळ. कुंडलिकराव नव्या धोतरात कॉम्प्युटरपुढं बसलेले. ऋतुराजनं सकाळपासून त्यांचे सात फोन कापले होते. आजचा शेवटचा तास. आवाज पोचला तर पोरगा अजूनही गाडी काढून रात्री का होईना येईल, उशीर झाला म्हणून सांगता येईल, असली गणितं ते मांडत होते.

"दाजी, उटा की. गेम कसली खेळताय?"

"पाच मिन्टं. त्याच्याशीच बोलतोय."

"हालतंय कुटं तुमचं तोंड?"

पलीकडं ती मुलगी आपल्या कामाला लागली होती. "किंगभाऊ, मी आठवडाभर विचार केला. सेटिंग सगळं बरोबर आहे तुमचं. आता एकच सांगा, तुमच्या हेडफोनच्या वायरवर छोटं बटण आहे का? सरकवायचं?"

कुंडलिकरावांनी वायर चाचपली. गळ्याच्या खाली, एका काळ्या डबीवर, तांदळाएवढं बटण होतं. तीन रविवार ते छातीवर घेऊन बसले होते. त्यांनी लिहिलं, 'हो'.

"सरकवा ते वर. तेच असणार."

त्यांच्या जाड बोटाला ते बटण सापडेना. दुसरा कान लावून बसलेल्या बजाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि नखानं बटण वर ढकललं. त्याच क्षणी हेडफोनमध्ये शिट्टी झाली. कुकरची. एकदा मुलीच्या आवाजामागून, आणि त्याच वेळी ऋतुराजच्या आवाजामागून.

"ऋतू, तिसरी झाली. गॅस बंद कर जा," ती मुलगी म्हणाली.

"तू जा ना, तू जवळ आहेस."

"वहिनी, आधी भांडण मिटवा, मग खेळू," अभिमन्यू हसला. "लग्नाला तीन महिने झाले आणि अजून कुकरवरून भांडताय."

कुंडलिकराव दगडासारखे बसून होते. बजाबाईंचं डोकं मात्र पहिल्या शिट्टीपासूनच चालू लागलं होतं. त्या नवऱ्याकडं वळल्या आणि हळू, पण अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अवो, कुकर एकच हाय."

तीन रविवारांच्या खटपटीनंतर किंग बासष्टच्या माइकमधून पुण्याला पोचलेलं हे पहिलं वाक्य.

कुठं तरी गोळ्या उडत होत्या, पण त्या टीममधलं कुणी चालवत नव्हतं. मग ऋतुराजचा आवाज आला, सहावीत काच फोडल्यावर आला होता तसा.

"आई?"

"लगीन केलंस व्हय रं?" बजाबाईंनी विचारलं.

एक टुंग वाजलं आणि राजशेखरचं नाव गेलं. दुसरं टुंग, अभिमन्यू गेला. कुंडलिकराव पडद्याकडं बघत राहिले. तिसरं टुंग व्हायला जरा वेळ लागला. मग ऋतुराजचंही नाव पुसलं गेलं.

मागं उभ्या असलेल्या उदयसिंहांचा मोबाइल वाजला. माळशिरसहून होता. "निघालोय, निघालोय," ते म्हणाले आणि फोन ठेवून दाजींकडं बघू लागले. "काय झालं? कुणाचं लगीन?"

"आमच्या पोराचं," कुंडलिकराव म्हणाले. "तीन महिनं झालं. आमाला सोडून सगळ्यांस्नी ठावं हाय."

"आन् मी तितं काय सांगू?"

"सांग, दाजी खोटं बोलला. सांग, बापाला काय बी म्हाईत नसतंय."

उदयसिंहांनी हातातल्या नारळाकडं पाहिलं. तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि बहिणीशीही न बोलता जीपकडं निघाले.

पडद्यावर अजून दोन नावं होती. किंग बासष्ट आणि माही.

"गेली वाटतं सगळी," बजाबाई म्हणाल्या. "बंद करा ते."

"मी आहे," कानात आवाज आला. आता तो एकदाच आला, मागचा बारीक आवाज नव्हता. "आण्णा, मी आहे इथंच. ऋतू उठून गॅलरीत गेलाय."

कुंडलिकरावांनी छाती भरून श्वास घेतला. ट्रॅक्टरचे नंबर पुकारायचा तो श्वास. पुकारायला शब्द पुष्कळ होते. विश्वासघात होता, खानदान होतं, पाहुण्यांत गेलेलं नाक होतं. पण हे सगळं जिला ऐकवायचं, तिनंच तीन रविवार बसून त्यांना बोलायला शिकवलं होतं. श्वास तसाच बाहेर गेला. माइकमधून नुसतं वारं गेलं असेल.

"आवाज येतोय का?" एवढंच ते म्हणाले.

"येतोय आण्णा. स्वच्छ येतोय." ती घाईघाईनं बोलू लागली. "मी त्याला पहिल्या दिवसापासून म्हणत होते, घरी सांग म्हणून. तुम्हीच आहात हे मला खरंच माहीत नव्हतं ओ. नाहीतर 'किंगभाऊ' म्हटलं असतं का मी?"

बजाबाईंनी हेडफोन नवऱ्याच्या डोक्यावरून ओढून स्वतःच्या डोक्यावर चढवला. पदर, अंबाडा, सगळ्यावरून.

"खरं नाव काय गं तुझं?"

महेश्वरी, असं पलीकडून आलं असावं. कारण मग बजाबाई म्हणाल्या, "महेश्वरी. बरं. सोलापुरात कुटं? माग हुतं व्हय तुमचं? चादरीचं? घरात तेलगू बोलता? बोला की, आमाला काय. तुज्या आईवडलांस्नी तरी सांगितलंय का? ... त्यांस्नी बी न्हाय! अगं पोरी, मग लग्नाला हुतं कोण? ती शिव्या देणारी दोन पोरं?" त्यांनी डोळे पुसले आणि लगेच कडक झाल्या. "रडू नगंस. आदी जा, गॅस बंद कर. मग निवांत बोलू. मी हितंच बसते."

कुंडलिकराव उठले. त्यांना आता ना काही ऐकू येत होतं, ना काही बोलायची सोय होती. टोपी घालून ते ओसरीवर आले. जीप गेली होती. पलीकडच्या ओट्यावरून ज्ञानबा मोठ्या आशेनं इकडं बघत होते.

खिशातला मोबाइल वाजला. ऋतुराज. कुंडलिकरावांनी नाव दोनदा वाचलं. कापावा, असं त्यांच्या फार मनात आलं. तयार निरोप कसा पाठवतात ते माहीत असतं, तर त्यांनी पाठवलाही असता. माहीत नव्हतं, म्हणून उचलला.

"आण्णा?"

"हं."

पुढं काही नाही. पलीकडं पुण्याचा रस्ता वाहत होता, कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं. ऋतुराजनं दोनदा काही तरी म्हणायला तोंड उघडल्यासारखं वाटलं. कुंडलिकरावांच्याही ओठांवर एक वाक्य आलं, भलं मोठं, शिव्यांसकट. ते त्यांनी गिळलं. उभे राहून पाय दुखायला लागले, तेव्हा ते खांबाला टेकून बसले. फोन कानालाच होता.

बऱ्याच वेळानं आतून बजाबाईंची हाक आली. "कुणाचा फोन हाय वो?"

"त्याचा."

"काय म्हणतोय?"

"काय न्हाय." कुंडलिकरावांनी मोबाइल या कानावरून त्या कानाला घेतला आणि हातानं आडोसा केला. "पण अजून ठेवला न्हाय."